हुकलेली तिसरी फीत

पुंजाराम तुपे फौजेत गेला तो भुकेपायी. बहात्तरच्या दुष्काळात शेंद्र्याच्या शिवारात विहिरींचे तळ दिसत होते, आणि शहरातल्या छावणीत भरती निघालीय, पोरांना दोन्ही वेळ पोटभर जेवण मिळतं, अशी बातमी कुणीतरी आणली. खडी फोडायच्या कामावरून पुंजाराम उठला, धोतराला हात पुसले आणि पायी पायी औरंगाबाद गाठलं. भरतीच्या साहेबानं रांगेतल्या प्रत्येकाला विचारलं, "फौज में क्यों आना चाहता है?" बाकीची पोरं देशसेवा, देशसेवा म्हणत पुढं सरकत होती. पुंजाराम म्हणाला, "साब, भूक लगी है."

साहेब हसला आणि त्यानं ह्याला छाती मोजायला पाठवलं. खरं बोलल्यानं लगेच काम झालं, असं पुंजारामच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं आणि जवळजवळ शेवटचंही. पण त्याची समजूत झाली, की फौजेत हे असंच चालत असणार. पुढची बावीस वर्षं तो त्याच समजुतीवर बोलत राहिला.

तसा गडी कामाला खणखणीत. निशाणा चांगला, पायात दम, वर्दीला कडक इस्त्री. तोंड तेवढं राहत नसे. शिवीगाळ करायचा नाही, उलट उत्तर म्हणावं तर तेही नाही; साहेबानं विचारलं की अदबीनं, टाच जुळवून, असं काही सांगायचा की साहेबाला हसावं की कोठडीत टाकावं हे कळायचं नाही. त्यामुळं त्याची बढती रखडत गेली. फौजेत बाहीवर एक फीत लागली की लान्सनाईक, दोन लागल्या की नाईक, तीन लागल्या की हवालदार. दोन फिती पुंजारामला कशाबशा मिळाल्या. तिसरी काही केल्या लागेना.

आणि ती त्याला हवी होती. घरी बायकोला, आवडाबाईला तर हवीच होती, कारण गावात दोन फितीवाले आधीच दोघं होते आणि ते चावडीवर बसून तिच्या सासऱ्याला फौज म्हणजे काय ते सांगायचे. पुंजाराम वरवर हसण्यावारी न्यायचा. पण धोब्याकडून वर्दी आली, की बाहीवरच्या दोन फितींच्या शेजारी जी मोकळी जागा होती तिच्यावरून एकदा बोट फिरवायचा. हे पलटणीत सगळ्यांना माहीत होतं.

सेलूकर साहेबांशी त्याची गाठ पडली तेव्हा त्याला अजून एकच फीत होती. लेफ्टनंट सदाशिव सेलूकर नवे नवे आले होते, राजस्थानातल्या एका वाळूच्या छावणीत. मिसरूड नुकतंच फुटलेलं, पण आवाज असा की पलटणीतले कावळे उडावेत. पहिल्याच सोमवारी त्यांनी सकाळी सहाला फॉलिन, म्हणजे हजेरीची रांग, लावलं आणि स्वतः आले साडेआठला. रांगेतून फिरत फिरत पुंजारामपुढं थांबले.

"दाढी क्यों नहीं बनाई?"

"बनाई थी साब," पुंजाराम म्हणाला. "आप का रास्ता देखते देखते वापस आ गई."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं. लेफ्टनंट साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी पुंजारामला पिठ्ठू सुनावला, म्हणजे पाठीवर भरलेली पिशवी, डोक्यावर हेल्मेट, हातात बंदूक आणि मैदानाला चकरा. "जब तक मैं ना बोलूँ, रुकना नहीं," असं बजावलं, आणि नवीन माणसाची शंभर कामं असतात त्यात हे विसरून जेवायला निघून गेले.

पुंजाराम धावत राहिला. ऊन वर आलं, वाळू तापली. मग त्याच्या मनात आलं, साहेब तिकडं मेसमध्ये जेवायला बसलेत. तिथून ते 'रुक' म्हणाले तर आपल्याला ऐकू कसं येणार? हुकूम मोडायला नको. म्हणून त्यानं मैदान सोडलं आणि ऑफिसरांच्या मेसला चकरा घालायला सुरुवात केली.

आत सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे सर्वांत मोठे साहेब, डाळीत लिंबू पिळत होते. त्यांना खिडकीतून एक हेल्मेट डावीकडून उजवीकडं जाताना दिसलं. थोड्या वेळानं तेच हेल्मेट पुन्हा डावीकडून उजवीकडं गेलं. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा त्यांनी लिंबू खाली ठेवलं.

"ये कौन है?"

सेलूकर घास टाकून उभे राहिले. "सर, मेरा जवान है."

"क्या कर रहा है?"

"दौड़ रहा है, सर."

"वो तो मुझे भी दिख रहा है."

पुंजारामला आत बोलावलं. त्यानं घामानं निथळत टाच जुळवली आणि सगळं सांगितलं: साहेबांनी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही असा हुकूम दिलाय, आणि साहेबांचं 'थांब' ऐकू यावं म्हणून आपण साहेबांच्या आसपास धावतोय. सीओ साहेबांनी तोंड पुसलं. मग शांतपणे म्हणाले, "सेलूकर, हुकूम देनेवाला हुकूम के साथ रहता है. तुम भी पिठ्ठू लगाओ."

तर अशा रीतीनं लेफ्टनंट सदाशिव सेलूकर आणि लान्सनाईक पुंजाराम तुपे भर दुपारी एकमेकांशेजारी धावायला लागले.  तिसऱ्या चकरेत त्यांना दम लागला आणि तोंडातून अस्सल मराठीत "अगं आई गं" निघालं.

"साहेब मराठी?" पुंजारामनं विचारलं.

"बोलू नकोस. धाव."

"धावतोयच की. कुठले म्हणायचे साहेब?"

"औरंगाबाद," साहेब धापा टाकत म्हणाले. "खडकेश्वर."

"म्या शेंद्र्याचा," पुंजाराम म्हणाला. "म्हंजी शेजारीच की आपुन. पिशवी द्या इकडं, तुमच्या खांद्याला सवय नाय."

साहेबांनी पिशवी दिली नाही. पण त्या दिवसापासून त्यांना फॉलिनला उशीर झाला नाही, आणि सुट्टीहून येताना ते गुलमंडीवरून पुंजारामसाठी चिवडा आणायला लागले. वर कुणासमोर कबूल करायचे नाहीत. चारचौघांत त्याच्यावर डाफरायचे, आणि तोही चारचौघांतच त्यांची फिरकी घ्यायचा.

साहेब पुढं कॅप्टन झाले, पुंजारामला दुसरी फीत लागली, आणि तिसरीचं बोलणं सुरू झालं, तेव्हा दरबारानं घोळ केला. दरबार म्हणजे महिन्यातून एकदा सीओ साहेब सगळ्या जवानांसमोर बसतात आणि विचारतात, "किसी को कोई तकलीफ?" त्यावर सगळ्यांनी एका सुरात "नहीं साब" म्हणायचं, की दरबार संपतो. तसा रिवाजच आहे, आणि सुभेदार मेजर खोपडे आदल्या दिवशी त्याची तालीमही घ्यायचे. त्या महिन्यात "नहीं साब" चा गजर विरला आणि पुंजाराम उभा राहिला.

"साब, तकलीफ नहीं है. एक अर्ज है. आप रोज लंगर में आया करो."

सीओ साहेबांना बरं वाटलं. "क्यों भई?"

"आप जिस दिन आते हो, उस दिन दाल में दाल होती है."

सीओ साहेब इतके हसले की त्यांची टोपी वाकडी झाली. सुभेदार मेजर हसले नाहीत. लंगर, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, त्यांच्याकडं होतं. "ह्याच्या तोंडाला लगाम लागल्याशिवाय ह्याला फीत लागणार नाही," असं त्यांनी मिशीवर हात ठेवून सांगितलं, आणि पुढची किती तरी वर्षं ते शब्दाला जागले.

सत्याऐंशी साल उजाडलं. मराठवाड्यात पावसानं लागोपाठ दगा दिला होता. आवडाबाईनं मास्तरांकडून लिहून धाडलं, विहीर आटली, एक बैल विकला, आपला पोरगा सत्यम तुमचा फोटो बघून हा कोण म्हणून विचारतो. पुंजाराम वर्षावर घरी गेला नव्हता. त्यानं रजेचा अर्ज टाकला होता, पण तेवढ्यात पलटणीत हवालदाराची एक जागा निघाली. एकच. त्यासाठी केडर करावं लागायचं, म्हणजे काही आठवड्यांचं शिक्षण आणि परीक्षा. खोपडे निवृत्त झाले होते, आणि सेलूकर आता मेजर होते, पुंजारामच्या कंपनीचे कमांडर. त्यांनी पहिलं नाव तुपेचं घातलं आणि रजेचा अर्ज केडर होईपर्यंत आपल्या टेबलावर दाबून ठेवला. पुंजारामनंच तसं सांगितलं होतं. फीत लावूनच गावात शिरायचं, असं त्यानं आवडाबाईला कळवलंही होतं.

केडर सोमवारी सुरू व्हायचं आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी जनरल साहेबांची भेट होती. गुरुवारी मेजर सेलूकरांनी तुपेला ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं.

"तुपे, मी तुझ्या पाया पडायचा तेवढा राहिलोय. उद्या जनरल साहेब काहीही विचारोत, तू तीनच गोष्टी बोलायच्या. जी साब, नहीं साब, ठीक है साब. चौथी बोललास तर फीत गेली म्हणून समज."

"जी साब," पुंजाराम म्हणाला.

"हं. असं."

"ठीक है साब."

"आता पुरे, तुपे."

"नहीं साब," म्हणून पुंजाराम सलाम ठोकून बाहेर पडला. तरी मनातून त्यानं खरोखर ठरवलं होतं, की उद्या तोंडाला कुलूप.

शुक्रवारी जनरल साहेब रांगेतून हळूहळू चालत आले. फौजेत साहेबलोकांची एक परीक्षा जवानांसमोरच होते. जनरल कुठल्याही जवानापुढं थांबतो आणि कमांडरला विचारतो, हा कोण, कुठला, ह्याची मुलंबाळं किती. ज्या कमांडरला आपल्या जवानाचं घर माहीत नाही, तो कसला कमांडर. मेजर सेलूकरांना सव्वाशे जवानांची घरं तोंडपाठ होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. जनरल साहेब पुंजारामपुढं थांबले तेव्हा त्यांना हायसं वाटलं असेल. ह्याचं तर त्यांना गावच नाही, गावातलं मारुतीचं देऊळसुद्धा माहीत होतं.

"नाईक पुंजाराम तुपे, सर. औरंगाबाद के पास शेंद्रा गाँव."

"बच्चे?"

आणि इथं मेजर साहेबांची जीभ घसरली. तुपेनं आता तोंड उघडू नये, ह्याच धास्तीत ते इतके होते की पुढच्या रांगेतल्या जवानाचं घर ह्याला चिकटवलं. "दो, सर. एक लड़का, एक लड़की."

पुंजारामला एकच मुलगा होता.

जनरल साहेब मायेनं त्याच्याकडं वळले. "क्या नाम हैं बच्चों के?"

मेजर साहेबांना आपली चूक तेव्हाच उमगली. तोंडावरचा रंग उडाला. जनरलसमोर आपल्या जवानाची लेकरं चुकीची सांगणं म्हणजे कमांडराची अब्रू जाणं. इकडं पुंजारामनं ठरवून दिलेली तिन्ही उत्तरं मनात घोळवून पाहिली. नावं विचारल्यावर 'ठीक है साब' म्हणता येईना. खरं सांगावं तर मेजर साहेब खोटे पडतात, खोटं सांगावं तर आपण. बाहीवरची ती मोकळी जागा त्याच्या डोळ्यांपुढं आली, आणि त्यानं तोंड उघडलं.

"साब, लड़के का नाम सत्यम. लड़की का नाम अभी रखा नहीं."

"अच्छा? कितनी बड़ी है?"

"अभी हुई नहीं, साब. हमारे मेजर साब आगे का सोचके चलते हैं. छुट्टी की अर्जी उन्हीं के टेबल पर है."

आधी जनरल साहेबांच्या हातातली छडी हलायला लागली, मग पोट, आणि मग ते असे मोठ्यानं हसले की बँडवाल्यांना वाटलं वाजवायची खूण झाली. डोळे पुसत त्यांनी विचारलं, घरी जाऊन किती दिवस झाले. वर्ष उलटलं म्हटल्यावर ते मेजर साहेबांकडं वळले. "सेलूकर, कल ही भेजो इसको. दो महीने. ये मेरा हुकूम है." आणि पुढं गेले.

संध्याकाळी मेजर साहेब खुर्चीत डोकं धरून बसले होते. उद्या हा घरी जाणार, सोमवारी केडर सुरू होणार, जागा एकच.

"मी जनरल साहेबांना जाऊन सांगतो," ते म्हणाले. "म्हणतो, रजा केडरनंतर द्या."

"आन् त्यांनी इचारलं कामून, तर काय सांगताल?" पुंजाराम म्हणाला. "पोरगी व्हायची घाई नाय म्हणून? मग सगळंच उलगडंल साहेब. लेकरं तुम्ही चुकीची सांगितली ते बी."

"चूक माझीच आहे. मी कबूल करीन."

"तुमचं कर्नलच्या बढतीचं बोर्ड हाय पुढच्या साली. ऱ्हाऊ द्या. म्या जातो घरी. फीत काय, पुढल्या बारीला."

पुढची बारी आली नाही. जागा निघाली तोवर पुंजाराम वयात बसेना. त्या दिवशी सलाम करून तो हसत बाहेर पडला खरा, पण मनमाडपर्यंत गाडीत त्यानं कुणाशी शब्द काढला नाही. घरी पोचल्यावर आवडाबाईनं आधी त्याच्या बाहीकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं, आणि काही न विचारता पाणी दिलं. दुष्काळात तांब्याभर पाणी देणं म्हणजे तिचा पाहुणचारच होता.

पुढच्या साली मुलगी झाली. पुंजारामनं मेजर साहेबांना कळवलं, "मुलगी झाली. तुमचं बरोबर होतं, फक्त लवकर सांगितलं." साहेबांनी आणि त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी चांदीचे वाळे पाठवले. मुलीचं नाव सोनिया ठेवलं.

नाईक म्हणूनच पुंजाराम निवृत्त झाला. परत आला तेव्हा शेंद्रा ओळखू येईना. ज्या शिवारात त्यानं खडी फोडली तिथं कारखान्यांच्या भिंती उठत होत्या. त्याचीही थोडी जमीन त्यात गेली. उरलेल्या तुकड्यात तो ज्वारी पेरायचा आणि एका कारखान्याच्या गेटवर पहारा करायचा. तिथल्या मॅनेजरांनीही त्याच्या तोंडाचा प्रसाद चाखला, पण तो भाग वेगळा. सेलूकर कर्नल होऊन परतले, ज्योतीनगरात बंगला बांधला. दर हिवाळ्यात ते आणि भानुमतीबाई तुपेच्या शेतात हुरडा खायला यायचे. पण साहेबांच्या मनातून ती फीत गेली नव्हती. एखाद्या वेळी कणीस चोळता चोळता ते मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "तुपे, ते केडर..." की पुंजाराम लगेच त्यांच्या हातावर गरम हुरडा ओतायचा. भाजलेल्या हातानं माणूस जुनं काढत नाही, असा त्याचा अनुभव होता.

सोनिया शिकली, नर्स झाली. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. पुन्हा दुष्काळ, आणि ह्या वेळी असा की लोक वर्षानुवर्षं जपलेल्या मोसंबीच्या बागा कुऱ्हाडीनं तोडत होते. मुलगा चांगला, वाळूजला कारखान्यात. मुलाचा बाप फकिरा पठाडे, निवृत्त हवालदार. आणि हवालदार असल्याचं तो क्षणभर विसरत नसे. बैठकीत पहिला चहा यायच्या आत त्यानं विचारलं, "व्याही, फौजेत कोणत्या हुद्द्यावर होते?"

पुंजारामनं तोंड उघडायच्या आधी आवडाबाई दारातून म्हणाली, "तुमच्याच बरोबरीचे."

आयुष्यभर ज्या माणसाला तोंड बंद ठेवता आलं नाही, त्यानं नेमकं इथं बंद ठेवलं. बायकोला पाहुण्यांसमोर खोटं पाडायचं कसं. फकिरानं खुशीत मांडीवर थाप मारली. हवालदाराच्या घरी हवालदाराची लेक, असं त्यानं तिथंच जाहीर केलं.

पाहुणे गेल्यावर पुंजारामनं कपाळाला हात लावला. "आगं, दोनच फिती हायत. उद्या कळलं तर?"

"कोण सांगणार हाय?" आवडाबाई म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं. "साहेबाला नगा बोलावू लग्नाला."

"येडी हाय का तू? साहेबाबिगर लग्न?"

साहेबांना सगळं सांगून टाकावं, असं ठरवून पुंजाराम पत्रिका घेऊन ज्योतीनगरला गेला. पण साहेबांचा आनंद पाहून त्याची जीभ रेटेना. शिवाय सांगायचं काय? मांडवात माझ्यासाठी खोटं बोला म्हणून? वरिष्ठांची थट्टा त्यानं पोटभर केली होती, पण खोटं बोलायला कुणाला कधी लावलं नव्हतं. तो चहा पिऊन, अक्षता देऊन तसाच परत आला.

लग्न जालना रोडवरच्या एका लॉन्सवर होतं. नाव लॉन्स, गवताची काडी नाही. मालकानं आधीच सांगितलं होतं, पाण्याचं तुमचं तुम्ही बघा, त्यामुळं मांडवाच्या कडेला दोन टँकर वऱ्हाडासारखे उभे होते. पुंजाराम पाहुण्यांकडं कमी आणि गेटकडं जास्त बघत होता. फकिरा सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होता, "व्याही, तुमचं केडर कोणत्या सालचं?" आणि तिन्ही वेळा पुंजारामला टँकरकडं काहीतरी काम निघालं होतं.

कर्नल साहेब आले. केस सगळे पांढरे, पाठ अजून ताठ. कर्नल म्हटल्यावर फकिरा खाड्कन उभा राहिला आणि कडक सलाम ठोकला. साहेबांना पुढच्या कोचावर बसवलं, सरबत दिलं, आणि मग त्यानं सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "साब, आमचे व्याही तुमच्या पलटणीत हवालदार व्हते ना? कोणत्या सालचं केडर त्यांचं? सांगतच नायत."

कर्नल साहेबांनी पुंजारामकडं पाहिलं. पुंजाराम स्वतःच्या चपलांकडं पाहत होता. मागं आवडाबाईनं पदर तोंडात धरला होता. बोहल्यावर सोनिया पिवळ्या शालूत बसली होती, तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. साहेबांनी सरबताचा पेला खाली ठेवला.

"हवालदार नव्हते," ते म्हणाले.

फकिराच्या मिशा हलल्या. मांडवात कुजबुज झाली. 

"सत्याऐंशी सालच्या केडरला पहिलं नाव ह्यांचं होतं," साहेब पुढं म्हणाले. "नाव मीच घातलं होतं. पण केडरच्या तोंडावर जनरल साहेबांचा हुकूम आला. नाईक तुपेला खास कामगिरीवर पाठवा, उद्याच्या उद्या. मला सांगा पठाडे, फौजेत फीत मोठी की हुकूम?"

"हुकूम, साब," फकिरा सवयीनं टाच जुळवून म्हणाला. मग खालच्या आवाजात, "कामगिरी कसली व्हती साब? बॉर्डरवर?"

"घरी जायची. दोन महिने."

"घरी? करायचं काय व्हतं?"

साहेबांनी बोहल्याकडं बोट केलं. "कामगिरी फत्ते झाली. ती काय, तिथं बसलीय. अजून उलगडून सांगू?"

आधी एक म्हातारी हसली, मग सगळा मांडव. आवडाबाई लाजून टँकरमागं पळाली. फकिरा कितीतरी वेळ पुंजारामकडं बघत राहिला. चिडावं असं त्याच्या मनात असावं, पण ते जमेना. शेवटी तो खांदे पाडून म्हणाला, "आम्ही बी चोवीस वर्षं नोकरी केली साब. आम्हाला असं एका बी जनरलनं धाडलं नाय." आणि त्यानं जाऊन पुंजारामला मिठी मारली.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. उन्हं कलल्यावर पाठवणीची वेळ झाली. सोनिया आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या पाया पडली, कर्नल साहेबांच्या आणि भानुमतीबाईंच्या पाया पडली. गाडीत बसवताना पुंजारामनं तिला म्हटलं, सासरा हवालदार हाय, सकाळचं फॉलिन चुकवू नको. ती रडता रडता हसली. गाडी निघाली आणि पुंजाराम गेटपाशी एकटाच उभा राहिला. साहेब त्याच्या शेजारी येऊन थांबले.

"तुपे," ते म्हणाले, "लोकांना हसवलं, पण खरी गोष्ट मी सांगितली नाही. तुझी फीत माझ्या चुकीनं गेली. मी हे तुला कधी नीट म्हणालोच नाही. तू म्हणू दिलं नाहीस."

पुंजारामनं ह्या वेळी थट्टा केली नाही.

"लई लागलं व्हतं साहेब, खोटं कशाला बोलू. पर पोरगी झाली, आन् तिला पयल्यांदा हातात घेतली तव्हा म्हणलं, ह्यापुढं फीत काय करायची. त्या दिसापासून त्या फितीची याद बी आली नाय." तो रस्त्याकडं बघत होता. गाडी जालना रोडच्या गर्दीत शिरली होती आणि आता तिचं टपसुद्धा दिसत नव्हतं. "आज मातर साहेब, बाही मोकळी मोकळी वाटायलीय."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रस्ता वाहनांनी भरून वाहत होता, आणि मांडवातून आवडाबाई जेवायला हाका मारत होती. दोघंही जागचे हलले नाहीत.